शेंगदाणा चिंचोके यांचा अर्ज

शलाका बिराजदारने मांडलेल्या फॉर्ममध्ये चूक काढणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. हे मत शलाकाचंच होतं, आणि ते तिने उद्घाटनाच्या दिवशी सकाळी 'चौकट सॉफ्टवेअर'च्या अख्ख्या ऑफिसला चहाबरोबर ऐकवलं.

"तुम्ही डोळेवाले अंदाजाने मांडता," ती म्हणाली. "इकडं जरा ढकल, तिकडं जरा ओढ. मी जन्मापासून आंधळी, म्हणून मोजून मांडते. माझा फॉर्म बघायची गरजच नाही."

दुपारच्या जेवणाआधीच ती गरज पडली.

फॉर्म होता गारवा महामंडळाचा. सोलापूरचा उन्हाळा आता दिवाळीनंतर जेमतेम सुट्टीवर जायचा आणि संक्रांतीला परत हजर व्हायचा. म्हणून महामंडळ घराघरावर गारवा-छप्पर बसवून देणार होतं. पांढरा पातळ पत्रा, उष्णता सरळ आभाळात फेकून देणारा. ज्याला हवा त्याने अर्ज करायचा. पहिला अर्ज स्वतः अध्यक्ष भाऊसाहेब निंबर्गे भरणार होते, भिंतीएवढ्या पडद्यावर, बोटाने, टाळ्यांच्या गजरात.

भाऊसाहेबांनी नाव लिहिलं. पत्ता लिहिला. मग त्यांचं बोट हवेतच थांबलं.

"पाठवायचं बटण कुठंय?"

शलाका बाजूलाच कीबोर्ड घेऊन बसली होती. तिने कळ दाबली. तिचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावर जे आहे ते बोलून दाखवणारा प्रोग्राम, स्पीकरवरून खणखणीत म्हणाला, "पाठवा. बटण."

"आहे की," शलाका म्हणाली.

"आवाज येतोय, पण दिसत नाही," भाऊसाहेब म्हणाले. "भुताटकी आहे का काय?"

शेजारच्या खुर्चीवरचा मुबीन शेख तिच्या कानाशी वाकला. मुबीन चाचणी करायचा, म्हणजे शलाकाने मांडलेलं डोळ्यांनी तपासायचा. "ताई," तो कुजबुजला, "बटण साहेबांच्या फोटोच्या मागे आहे."

फॉर्मवर अध्यक्षांचा फोटो असावा अशी महामंडळाची अट होती. तो होताही. ऐन बटणावर. भाऊसाहेबांनी स्वतःच्या फोटोचं नाक दाबून पाहिलं, मिशी दाबून पाहिली, शेवटी फेटा दाबला. काही होईना. तेव्हा शलाकाने, बटण चालतं एवढं तरी सिद्ध करावं म्हणून, कीबोर्डवरून ते दाबलं. भाऊसाहेबांनी वडिलांचं नाव लिहिलेलं नव्हतं. भिंतभर पडदा लालभडक झाला आणि स्क्रीन रीडर भर सभेत म्हणाला, "चूक. अर्जदार अपूर्ण आहे."

टाळ्या वाजवायला बोलावलेल्या लोकांना काय करावं कळेना. काहींनी वाजवल्या.

"मला अपूर्ण म्हणतो?" भाऊसाहेब कंपनीच्या मालकांकडे वळले. "होटगीकर, पुढच्या महिन्यात परत उद्घाटन. आणि ऐकून ठेवा. हा फॉर्म कुठल्याही नागरिकाला टोकणार नाही, अडवणार नाही, लाल होणार नाही. बटण दाबलं की अर्ज गेला पाहिजे. मान-अपमान आहे की नाही माणसाला?"

होटगीकर सर तापट नव्हते, आणि त्याचीच शलाकाला जास्त भीती वाटायची. त्यांनी तिला केबिनमध्ये बसवून घेतलं, पाणी दिलं आणि गोड आवाजात म्हणाले, "एक महिना तुझा. पुन्हा असं झालं तर मांडणी मुबीन करेल. तू फोनच्या टेबलावर ये. लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. तुझा आवाज छान आहे."

"माझा आवाज छान आहे हे तुम्हाला आजच कळलं होय?" शलाका म्हणाली.

पण बाहेर आल्यावर तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. मांडणीप्रमुख ही पाटी तिने भांडून मिळवली होती. आंधळ्या प्रोग्रामरला हिशोबाचं काम देतात, तपासणीचं देतात, फोन तर सगळ्यांत आधी देतात. फॉर्म कसा दिसावा हे ठरवायला कोणी बसवत नाही. ती बसली होती. उठायचा तिचा विचार नव्हता.

घरी गेल्यावर तिने आधी टॉवेल चाचपला.

तिची पद्धत अशी होती. पडद्यावरचा प्रत्येक रकाना म्हणजे चार आकडे. डावीकडून किती, वरून किती, रुंदी किती, उंची किती. आकडे डोक्यात ठेवता येतात, पण शेकडो आकड्यांचं चित्र बोटांखाली असलेलं बरं. नवरा नागेश टॉवेलच्या कारखान्यात डिझाइन बघायचा. त्याने तिला लग्नाआधीच एक खास टॉवेल विणून आणला होता. उठावाच्या चौकड्यांचा, बोटाने मोजता येईल असा. लोक प्रेमात गुलाब देतात. शलाका म्हणायची की तिला आलेखाचा कागद मिळाला, म्हणून तर लग्न केलं. त्या टॉवेलावर ती फॉर्म मांडायची. रकान्याला शेंगदाणा, यादीला चिंचोका, बटणाला हरभरा, फोटोला बिस्कीट. मग बोटांनी वाचून आकडे कोडमध्ये लिहायची. स्क्रीन रीडर सगळं ओळीने वाचून दाखवायचा, पण त्याला फक्त क्रम कळतो, जागा नाही. उघडं बटण आणि फोटोखाली गाडलेलं बटण त्याच्या लेखी सारखंच.

"नागेश," ती म्हणाली, "बिस्कीट कोणी हलवलं?"

नागेश पाणी आणायला उठला.

"नागेश."

"हलवलं नाही," तो म्हणाला. "खाल्लं. चहा होता हातात. मग मला वाईट वाटलं, म्हणून दुसरं ठेवलं की."

"कुठं ठेवलं?"

"तिथंच. आसपास."

बटणाचे आकडे शलाकाने चहाआधी लिहिले होते, फोटोचे चहानंतर. मधल्या वेळात अध्यक्षांचा फोटो चहात बुडून नवऱ्याच्या पोटात गेला होता.

सासूबाई, म्हणजे अव्वा, कोपऱ्यात लसूण सोलत होत्या. "माझं पोरगं लहानपणापासून असंच," त्या अभिमानाने म्हणाल्या. "समोर ठेवलेलं राहू देत नाही."

नागेशवर ओरडून झाल्यावर शलाकाच्या लक्षात आलं की खरा गुन्हेगार तो नव्हता. तिने मुबीनला विचारलं होतं की, कसं दिसतंय? मुबीन म्हणाला होता, एक नंबर. नागेशला विचारलं होतं. तोही म्हणाला, एक नंबर. हे तिला शाळेपासून ठाऊक होतं. आंधळ्या माणसाला वाईट बातमी द्यायची लोकांना लाज वाटते. साडी एक नंबर, कुंकू सरळ, भाकरी गोल. वाकडं काही तिच्या आयुष्यात कधी घडलंच नव्हतं.

"ठीक आहे," ती टॉवेल झटकत म्हणाली. चार चिंचोके उडून कपाटाखाली गेले. "आता कोणाच्या जिभेला विचारायचंच नाही. डोळ्यांनाच विचारायचं."

डोळ्यांना विचारायची सोय झालेली होती. मोबाइल हातात धरायचे दिवस केव्हाच मागे पडले होते. आता सगळ्यांच्या नाकावर चष्मे. चष्म्याच्या दांडीत मुंगीएवढा दिवा असतो. त्याचा उजेड माणसाला दिसत नाही, पण बुबुळावर पडून चमकतो. शेजारी मुंगीएवढाच कॅमेरा असतो, तो ती चमक आणि बाहुलीचा मध्य यांतलं अंतर मोजतो. डोळा वळला की अंतर बदलतं, त्यावरून नजर नेमकी कुठं टेकली ते कळतं. चष्मा ही माहिती आसपासच्या पडद्यांना सतत सांगत राहतो, म्हणजे वाचता वाचता पान आपोआप सरकतं, दाराकडे बघितलं की दार उघडतं. ही माहिती सगळ्यांना उघडी असावी का, हे चष्मा घेताना प्रत्येकाला विचारलेलं असतं. प्रत्येकाने 'मान्य आहे' दाबलेलं असतं. वाचलेलं कोणी नसतं.

शलाकाने आठवडाभरात त्या नजरेला आवाज दिला. नजर डावीकडे गेली तर सूर डाव्या कानात, उजवीकडे गेली तर उजव्या. वर गेली तर सूर चढा, खाली गेली तर उतरता. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे वाचताना नजर सरकत नाही, ती उड्या मारते. बेडकासारखी. उडी चालू असताना डोळ्याला काहीच दिसत नाही. टेकल्यावरच दिसतं. म्हणून उडीला तिने टिचकी दिली आणि टेकण्याला सूर. जितका वेळ टेकली तितका सूर लांब. प्रोग्रामचं नाव ठेवलं टकमक.

पहिला मुबीन सापडला.

"फॉर्म वाच," ती कानात यंत्र घालून म्हणाली.

"वाचतोय की."

टिच, टिच, टिच. "तू फोटोकडे बघितलंस. मग खाली कोपऱ्यातल्या घड्याळाकडे. मग पडद्याच्या बाहेर, डावीकडे खाली, लांब सूर. तिकडं काय आहे?"

मुबीनने नजर पडद्यावर आणली. "डबा," तो म्हणाला. "आज शेंगाची चटणी आहे."

"आणि रकाने?"

"रकाने दिसले की ताई, ओझरते."

शलाकाला आयुष्यभर वाटत आलं होतं की डोळे असलेली माणसं डोळ्यांनी बघतात. मुबीन, मग हिशोबातला संगमेश्वर, मग स्वतः होटगीकर सर, एकामागून एक तिने तपासले. कोणी वाचत नव्हतं. नजर फोटोवर, मग रंगीत काही असेल त्यावर, मग खिडकीबाहेर. रकान्याचं नाव वाचायला थांबणारा सूर इतका तोकडा की शिंकेएवढा. स्क्रीन रीडर सुद्धा असं वागला असता तर तिने तो परत केला असता.

ती खूष झाली. शत्रू सापडला होता. तिने बटण हलवलं, टकमक ऐकलं, पुन्हा हलवलं. बिस्किटाच्या जागी आता साबणाची वडी होती आणि हरभऱ्याच्या जागी शर्टाचं बटण. खाण्यासारखं टॉवेलावर काही ठेवायचं नाही असा घरात कायदा झाला होता. शेंगदाणे तेवढे राहिले, पण ते कच्चे आणि मोजलेले.

घोळ एवढाच झाला की टकमक बंद करायला ती विसरायला लागली. आणि पुढं पुढं विसरणं तिला आवडायला लागलं.

"ऐकतोयस ना?" तिने एका संध्याकाळी नागेशला विचारलं.

"तुझंच ऐकतोय, बोल."

तिच्या कानात सूर डावीकडून उजवीकडे चालला होता, मग टिचकीसरशी परत डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. ओळीनं. "स्कोअर काय झाला?" ती म्हणाली.

"एकशे चाळीसला सहा," नागेश म्हणाला, आणि मग त्याला कळलं की काय झालं.

दुसऱ्या दिवशी ती भाजी फोडणीला टाकत होती. मागून एक सूर लागला. कुठं हलेना, फक्त थरथरायचा. तिने उलथणं उचललं की सूर उलथण्याबरोबर वर. हात विस्तवाजवळ गेला की सूर ताठ.

"अव्वा," ती मागे न वळता म्हणाली, "तुम्ही माझ्या हाताकडे बघताय."

"नाही गं. मी लसूण सोलतेय."

"नऊ वर्षं झाली. तुम्ही म्हणता, मला काही काळजी नाही, तू कर बिनधास्त. आणि नऊ वर्षं माझ्या हाताकडे बघताय?"

अव्वांनी लसणाची पाकळी ताटात टाकली. "विश्वास आहेच की तुझ्यावर. बघायला काय पैसे पडतात?"

"मला वाटत होतं मी एकटी करते स्वयंपाक."

"एकटीच करतेस. मी नुसती बघते. नागेश करतो तेव्हा पण बघते. त्याला तर जास्त बघते."

अव्वांनी चष्मा काढून फडताळावर ठेवला. संध्याकाळी नागेशनेही काढला. ऑफिसात तर आधीच बातमी फुटली होती. एका मीटिंगमध्ये होटगीकर सर म्हणाले, "मी प्रत्येकाचं म्हणणं मन लावून ऐकतो." तेव्हा शलाकाच्या तोंडून निघून गेलं, "सर, तुम्ही मघापासून पंख्याकडे बघताय." त्यानंतर ती दारातून आत आली की पटापट चष्मे निघायचे आणि खिशात जायचे.

पण बिनचष्म्याच्या माणसाला दार उघडत नव्हतं, दिवा लागत नव्हता, लिफ्ट थांबत नव्हती. संगमेश्वर जिन्यात अडकला. मुबीनने अंधारात अंदाजाने कपात चहा ओतला आणि तो कीबोर्डात गेला. होटगीकर सर आपल्याच केबिनच्या काचेच्या दारावर नाकाने आदळले, आणि नाकाला बर्फ लावून बसले. अख्ख्या मजल्यावर सरळ चालणारी एकच व्यक्ती होती. तिच्या हातात पांढरी काठी होती.

"तू तरी मजेत आहेस," मुबीन म्हणाला.

ती मजेत नव्हती. तिचा फॉर्म अर्धवट होता, आणि तो कुणाच्या नजरेवर तपासायचा? खोलीभर माणसं बसलेली आणि कानात ठार शांतता. उद्घाटन आठवड्यावर आलेलं.

त्या दुपारी ती मुबीनच्या शेजारी डबा उघडून बसली. "तुला राग कशाचा आला?" तिने विचारलं. "डब्याकडे बघितलंस हे मी सगळ्यांना सांगितलं, त्याचा?"

"त्याचा नाही," मुबीन म्हणाला. त्याने तिच्या भाकरीवर चटणी वाढली. "ताई, माणूस कुठं पण बघतो. भिंतीकडे बघतो, समोरच्याच्या टकलाकडे बघतो, बायकांकडे पण बघतो, अल्ला माफ करो. त्याचा हिशोब द्यायचा असता तर डोळे कशाला दिले असते? खरं बोलायची मला पण लाज वाटते, ते मान्य. पण तू विचारून बघ की. आता जीभ खोटं बोलणार नाही. सवय मोडलीय."

"मग सांग. आजचा फॉर्म कसा दिसतोय?"

"बेकार," मुबीन म्हणाला. "साबणाच्या वडीसारखा."

शलाका इतकी खूष झाली की तिने त्याला आपल्या डब्यातली अर्धी भाकरी दिली.

घरी जाऊन तिने टकमकचे हातपाय तोडले. आता ते फक्त फॉर्मच्या पडद्यापुढं चालायचं, आणि तेही समोरच्या माणसाने टॉवेलावर, त्यात तिने ओवलेल्या तारेवर, हात ठेवला तरच. हात उचलला की बंद. मग ती नागेशसमोर उभी राहिली.

"मला तुझी नजर पाहिजे," ती म्हणाली. "चोरून नको. मागून."

"आणि स्कोअर?"

"स्कोअरचा विषय मी काढणार नाही. कधीच."

नागेशने चष्मा चढवला आणि हात टॉवेलावर ठेवला. पहिल्या रकान्यावर सूर लागला. दुसऱ्यावर. तो खरोखर वाचत होता, मान खाली घालून, शाळेतल्या पोरासारखा. मग टिचकी वाजली आणि सूर एकदम उजव्या कानात गेला, पार टोकाला, पडद्याच्या बाहेर. तिथं टेकला आणि राहिला. लांब, जराही न थरथरता.

शलाकाने आकडे टिपले. परत तेच. तिसऱ्या रकान्यानंतर परत उजवीकडे, परत तसाच लांब.

"उजवीकडे काहीतरी आहे," ती म्हणाली. "लक्ष खेचतंय. कॅलेंडर आहे का? टीव्ही चालू आहे?"

"नाही."

"मग काय आहे तिकडं?"

नागेशने हात टॉवेलावरून उचलला नाही. "तू बसलीयस की," तो म्हणाला.

आतल्या खोलीत अव्वांचा लसूण सोलायचा आवाज थांबला.

शलाकाने कानातलं यंत्र काढलं, पुसलं, परत घातलं. तिला कुठल्याही पडद्याने आजवर इतका लांब सूर दिला नव्हता. तिने पदर सारखा केला. तो सारखाच होता.

"हा आकडा धरता येणार नाही," ती म्हणाली. "सगळ्या फॉर्मपुढं मी बसणार नाहीये. आता सरळ बघ."

"बघतो."

"आणि नंतर परत इकडं बघ. यंत्र बंद झाल्यावर."

दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसात सगळ्यांना विचारलं, नीट, हात जोडून. पुढचा आठवडा टॉवेलावर हातच हात होते. मुबीनचा, संगमेश्वरचा, बर्फ लावलेल्या होटगीकर सरांचा, अव्वांच्या भिशीतल्या बायकांचा. प्रत्येकाच्या नजरेमागून शलाका 'पाठवा' बटण हलवत गेली. थोडं वर, जरा उजवीकडे, थोडं मोठं, रंग कुठला तर लोक ज्याला झेंडूचा म्हणतात तो. शेवटी असं झालं की माणूस बसला रे बसला की पहिली टिचकी, पहिला सूर, बटणावर. अपवाद नाही. मुबीनचा सुद्धा, डबा उघडा ठेवून.

शेवटची चाचणी तिने स्वतः केली. स्क्रीन रीडर लावून, पहिल्या रकान्यापासून शेवटपर्यंत, एकेक कळ दाबत. चाचणीचं नाव म्हणून समोर टॉवेलावर जे होतं तेच टाकलं. नाव शेंगदाणा, आडनाव चिंचोके. पत्ता मात्र खराच टाकला, कारण फॉर्मला घर नकाशावर सापडतं का तेही बघायचं होतं. सापडलं, आणि तिने 'पाठवा' दाबलं.

उद्घाटनाला या वेळी लोक कमी होते, पण भाऊसाहेब निंबर्गे मागच्याच फेट्यात आले. ते पडद्यापुढं उभे राहिले मात्र, त्यांचं बोट आपोआप उठलं आणि सरळ बटणावर गेलं.

"पाठवा," स्क्रीन रीडर म्हणाला. "अर्ज गेला."

"इतक्यात?" भाऊसाहेब म्हणाले. "वा! मला काही करावंच लागलं नाही!"

टाळ्या पडल्या, या वेळी खऱ्या. होटगीकर सरांनी शलाकाच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांदेखत म्हणाले की मांडणीप्रमुखाची पाटी पितळेची करून घेऊ. शलाका म्हणाली, उठावाची करा, मला वाचता आली पाहिजे.

त्याच संध्याकाळी मुबीन तिच्या खुर्चीपाशी आला. त्याच्या चालीवरूनच तिला कळलं की तो 'एक नंबर' म्हणणार नाही.

"अर्ज किती आले?" तिने विचारलं.

"जिल्हाभरातून धो धो आलेत."

"मग?"

"कोरे आहेत ताई. लोक बसतात, बटण दिसतं, दाबतात. फॉर्म कोणाला अडवत नाही, लाल होत नाही. साहेबांची अट. भाऊसाहेबांचा स्वतःचा पण कोरा आहे."

"सगळे?"

"एक सोडून. एकच पूर्ण भरलेला आहे, पहिल्या रकान्यापासून शेवटपर्यंत."

शलाकाने कपाळावर हात मारला नाही. तिने फक्त टॉवेल काढला आणि टेबलावर पसरला.

महामंडळाकडून आभाराचा निरोप आला. मांडणी उत्तम होती, नागरिक कमी पडले, असं भाऊसाहेबांचं मत होतं, आणि नागरिकांसाठी एक जनजागृती सप्ताह घ्यायचं ठरलं होतं. होटगीकर सर म्हणाले, "सुटलो. आपली चूक नाही."

"माझीच आहे," शलाका म्हणाली. "मागच्या वेळी बटण दिसत नव्हतं. या वेळी दुसरं काही दिसत नाही. आता बटण शेवटचा रकाना भरल्यावरच उगवेल. तोवर तिथं काही नसेल. अडवायचं नाही, लाल व्हायचं नाही, नुसतं थांबायचं. भाऊसाहेबांना सांगा, मान राखलाय."

"पण त्यांनी मागितलंच नाही."

"मी मागतेय. मुबीन, हात ठेव टॉवेलावर."

मुबीनने ठेवला.

महामंडळाची मंजुरीची यंत्रणा आपोआप चालणारी होती. आठ दिवसांनी बिराजदारांच्या दारात गाडी थांबली. चार माणसं गारवा-छप्पर घेऊन उतरली. शलाका ऑफिसात होती, नागेश कारखान्यात. दार अव्वांनी उघडलं.

"शेंगदाणा चिंचोके इथंच राहतात का?"

"इथं नाही बाबा," अव्वा म्हणाल्या. "शेंगांचं सगळं शेजारी. सिद्रामच्यात."

शेजारचा सिद्राम शेंगाची चटणी करून विकायचा. माणसांनी त्याच्या घरावर छप्पर बसवलं, सही घेतली आणि जेवायच्या आधी निघून गेली.